तुमची जीप सुरू होणार नाही

प्रश्न: मी किशोर वाचकांसाठी जगबुडीनंतरची कादंबरी लिहितेय. एका विषाणूनं दोन दिवसांत ९९ टक्के माणसं मरतात. त्यानंतर तीन वर्षांनी सोळा वर्षांची मुलगी आणि तिचा नऊ वर्षांचा भाऊ ४०० किलोमीटरवरच्या किनाऱ्याकडे चालत निघतात, कारण तिथे वस्ती असल्याचं त्यांनी रेडिओवर ऐकलंय. वाटेत एक जीप सापडते, टोळी मागे लागते, मुलीच्या मांडीत गंजका पत्रा घुसतो. मसुदा वाचलेल्या दोघांनी ‘खोटं वाटतं’ एवढंच सांगितलं. तिसऱ्यानं पहिली तीन प्रकरणं (महामारी कशी आली ती हकिगत) वाचून पुस्तक सोडलं. पात्रांच्या भावनांवर मी खूप मेहनत घेतलीय. मग खोटं काय वाटतंय?
– अर्धवट मसुदा

उत्तर:

भावनांना हात लावू नका. चुकलाय तो हिशेब. पेट्रोलचं रसायनशास्त्र वाचकाला येत नसेल, पण पात्रांना हवं ते हवं तेव्हा मिळतंय हे त्याला लगेच कळतं. मग मुलीच्या रडण्यावरही त्याचा विश्वास बसत नाही.

जीपपासून सुरुवात करू, कारण तिथेच बहुतेक मसुदे अडकतात. तीन वर्षं उभी असलेली गाडी किल्ली फिरवून सुरू होत नाही. लेड-ॲसिड बॅटरी नुसती पडून राहिली तरी काही महिन्यांत उतरते. उतरलेल्या अवस्थेत ती तशीच राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर चढतो आणि पुढे ती चार्जही होत नाही. बरं, धक्का मारून सुरू करू म्हटलं तर टायर बसलेले. तेही जमवलं तर टाकीतलं पेट्रोल. बंद टाकीत ते साधारण तीन ते सहा महिने नीट राहतं. त्यातले हलके घटक उडून जातात, उरलेल्याचा राळेसारखा चिकटा होतो आणि तो कार्ब्युरेटरची बारीक भोकं किंवा इंजेक्टर बुजवतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल ओढून घेतं. ओल वाढली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तळातूनच ओढते. डिझेल थोडं जास्त टिकतं, वर्षभर वगैरे, पण त्यात पाणी साठलं की सूक्ष्मजीव वाढतात आणि फिल्टर चोंदतो.

यातून सुटायचे मार्ग आहेत. गोष्ट महामारीनंतर तीन आठवड्यांवर आणली तर जीप चालेल, पण मग रस्त्यावर प्रेतं, मागे राहिलेली माणसं, सगळं वेगळं लिहावं लागेल. दुसरं म्हणजे जीप मेलेलीच ठेवा. काचा शाबूत असलेली गाडी ही पावसातली एक रात्र आहे, सीटच्या कापडाची पट्टी आहे, आरशाचा तुकडा आहे, आणि टपाचा पत्रा पाणी गोळा करायला उत्तम. तिसरा मार्ग आम्हाला सगळ्यात आवडतो: गाडी टोळीला द्या आणि ती लाकडाच्या वायूवर चालवा. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा युरोपात अशा लाखो गाड्या धावल्या. मागे एक उंच बंद भट्टी, तिच्यात अपुऱ्या हवेत जळणारं लाकूड, त्याचा वायू गाळून-थंड करून इंजिनात. ढोबळमानानं ३ किलो कोरडं लाकूड १ लिटर पेट्रोलचं काम करतं. भट्टी तापून वायू धरेपर्यंत गाडी हलत नाही, मधेमधे राख काढावी लागते, आणि त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणजे बंद शेडमध्ये भट्टी पेटवणारा गुपचूप मरतो. आता पाठलाग बघा. टोळी येतेय हे धुरावरून आधी कळतं, ती निघायला वेळ लागतो, आणि लाकूड भिजलं की तिचा वेग पडतो. पाऊस अचानक मुलांच्या बाजूचा होतो.

आता विषाणू. दोन दिवसांत मारणारा रोग स्वतःचीच वाट बंद करतो, कारण आजारी माणूस प्रवास करण्याआधीच मरतो. जगभर पोचायचं तर लक्षणं दिसण्याआधी माणूस काही दिवस संसर्ग पसरवत हिंडला पाहिजे. दहा दिवसांचा सुप्तकाळ धरा, त्यातले शेवटचे चार संसर्गाचे. मरण दोन दिवसांत आलं तरी मग चालेल.

खरी अडचण त्या ९९ टक्क्यांत आहे. दोन लाखांच्या शहरात एक टक्का म्हणजे दोन हजार माणसं उरतात. हे ओस शहर नव्हे, छोटं गाव झालं. ती माणसं कुठे गेली याचं उत्तर तुमच्याकडे हवं. दुसरं, दोन्ही भावंडं वाचली कशी? निव्वळ नशीब म्हटलं तर दोघंही वाचण्याची शक्यता दहा हजारांत एक. घरात उतरलेली प्रतिकारशक्ती म्हणायची तर आणखी एक प्रश्न उभा राहतो: ती एकाच पालकाकडूनही मिळू शकत असेल, तर आई किंवा बाबा यांच्यातलं कुणीतरी वाचलेलं असणार. दोन्ही पालकांकडून त्या जनुकाची एकेक प्रत आली तरच ती मिळते असं ठेवलंत, तर आई-बाबा दोघंही नुसते वाहक, म्हणजे एकच प्रत असलेले, असू शकतात, म्हणजे ते मरतात आणि प्रत्येक मुलाला वाचण्याची चारात एक संधी असते. गणितही बसतं. शंभरात एक जण सुरक्षित असेल तर लोकसंख्येत सुमारे १८ टक्के वाहक असतात, तेव्हा दोन वाहकांचं लग्न होणं काही चमत्कार नाही. एका पालकाची रीत निवडलीत तर किनाऱ्यावर कोण आहे हे तुम्हाला आपोआप सापडेल. दुसरी निवडलीत तर मुलं खरोखर अनाथ आहेत. कोणती निवडायची हे तुम्ही ठरवा, पण ठरवा. किशोर कादंबरीत मोठी माणसं गायब असणं ही सोय असते, आणि ती सोय आहे हे वाचकाला कळता कामा नये.

आता चालणं. कादंबरीचा सांगाडा इथेच आहे, म्हणून इथे कंजुषी करू नका.

मुलगी ४८ किलोची धरा. अंगाच्या वजनाच्या पाचव्या भागाइतकं ओझं ती रोज वाहू शकेल, म्हणजे १० किलो. भाऊ २६ किलोचा, त्याच्या पाठीवर ३ किलोपेक्षा जास्त देऊ नका. एकूण १३. चालताना तिला दिवसाला ३ लिटर पाणी लागेल, त्याला २. ऊन कडक असेल तर आणखी. पाणी लिटरला किलो, म्हणजे ५ किलो गेले. पांघरुणं, ताडपत्री, दोरी, सुरी, एक भांडं, बदलायचे कपडे: मनावर दगड ठेवून वगळलं तरी ५ किलो. अन्नाला उरले ३ किलो. कोरड्या धान्यात किलोमागे सुमारे ३५०० कॅलरी असतात, तेव्हा पाठीवर १०,५०० कॅलरी आहेत. चालणाऱ्या दोघांना दिवसाला ४२०० तरी हव्यात. अडीच दिवस! अर्धपोटी राहिली तर पाच.

आणि अंतर? नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन, ओझ्यासकट, पाणी शोधत, दिवसाला १२ किलोमीटर ही चांगली चाल झाली. ४०० किलोमीटरला ३४ दिवस, विसाव्याचे दिवस धरून चाळीस. म्हणजे वाटेत निदान सात वेळा, बहुधा जास्तच, त्यांना अन्न मिळवावं लागणार आणि पाणी रोज. ही तुमची प्रकरणं आहेत. वेगळं कथानक शोधत बसू नका.

एक वही घ्या आणि त्या चाळीस दिवसांचा तक्ता मांडा: अंतर, पाणी, अन्न, पायांची अवस्था, कोण आजारी. दर दिवशी वजाबाकी करत जा. रकाना शून्यावर आला की तिथे मुलांना काहीतरी अवघड ठरवावं लागतं: रस्ता सोडून वस्तीकडे वळायचं का, भावाला एकट्याला सामानापाशी ठेवायचं का, भेटलेल्या म्हाताऱ्याला धान्य द्यायचं का. मध्येच त्यांना एक सायकल सापडू द्या. बसून चालवायची नाही, ढकलायची. दांडीवर आणि कॅरिअरवर चाळीसेक किलो बांधता येतात, आणि सगळं गणित एका दिवसात बदलतं. मग पंधरा दिवसांनी त्यांना कोसळलेल्या पुलापाशी आणा. सायकल सोडायची की तीन दिवसांचा वळसा घ्यायचा? वाचक तोवर किलोंमध्ये विचार करायला लागलेला असेल, त्यामुळे हे पान तो श्वास रोखून वाचेल.

पाण्याबद्दल थोडं अधिक, कारण मसुद्यात मुलं ओढ्यावर ओणवी होऊन पितात आणि काहीच होत नाही. खळखळून उकळी एक मिनिट पुरते, समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. पण दीड लिटरच्या भांड्यात पाच लिटर उकळायचं म्हणजे चार फेऱ्या, तासाभराचं काम, आणि लांबून दिसणारा धूर. दुसरी पद्धत पारदर्शक प्लास्टिक बाटलीची: दोन लिटरपर्यंतची बाटली, गाळून निवळ केलेलं पाणी, कडक उन्हात आडवी सहा तास, आभाळ असेल तर सलग दोन दिवस. धूर नाही, पण थांबावं लागतं. घराघरांत सापडणारं द्रव ब्लीच तीन वर्षांत कमजोर झालेलं असतं, त्यावर भरवसा टाकणाऱ्या पात्राला जुलाब होऊ द्या. आणि कारखान्याच्या सांडपाण्यातली रसायनं उकळून जात नाहीत.

अशा जगात मुलं वाघानं मरत नाहीत, जुलाबानं मरतात. भावाला ते झाले तर बहिणीला एवढं माहीत असू द्या: १ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, घोट-घोट सतत. साखर आणि मीठ कोरडं राहिलं तर तीन वर्षांनीही चांगलं असतं. साखर संपलेली असणं हा प्रसंग बंदुकीपेक्षा भारी आहे. प्रमाणं मात्र अचूक लिहा. मीठ जास्त झालं तर ते पाणी मुलाला अपाय करतं, आणि या वयाचे वाचक पुस्तकात वाचलेलं करून पाहतात. त्याच कारणानं अनोळखी आळंबी चाखून बघणं किंवा साप चावल्यावर विष तोंडानं ओढणं हे तुमच्या शहाण्या पात्राच्या हातून होऊ देऊ नका.

मांडीची जखम. तुमची नायिका ती शिवून घेते आणि दुसऱ्या दिवशी पळते. आधी दाबून रक्त थांबवायचं, स्वच्छ कापड, दहा मिनिटं, मधे उचलून बघायचं नाही. मग धुणं, आणि ते भरपूर: बाटलीच्या झाकणाला भोक पाडून निदान लिटरभर उकळलेलं पाणी जोरानं आत मारायचं. ते पाच लिटरच्या हिशेबातून जातं, हे विसरू नका. घाणीनं झालेली खोल जखम घरच्या घरी शिवली की आतला जंतुसंसर्ग आतच कोंडतो. ती उघडी ठेवून, उकळलेलं ओलं कापड भरून, दिवसातून एक-दोनदा बदलायची. संसर्ग झालाच तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतो: लाली पसरते, जागा गरम लागते, पू येतो, ताप चढतो. कातडीवर लाल रेघ वर सरकताना दिसली तर वेळ थोडा उरलाय. म्हणजे सगळ्यात ताणाचं पान जखमेचं नसून त्यानंतरच्या तिसऱ्या सकाळचं आहे. जखम भरायला काही आठवडे लागतील, आणि तक्त्यात १२ किलोमीटरच्या जागी ४ लिहावे लागतील.

जुन्या दुकानातल्या प्रतिजैविक गोळ्या चालतील का? कोरड्या, थंड जागी राहिलेल्या अनेक गोळ्या मुदतीनंतरही बराच काळ गुण राखून असतात. पाणी घालून तयार केलेलं पातळ औषध टिकत नाही. इन्सुलिन तर फ्रिजशिवाय महिनाभरच धरायचं, त्यामुळे पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेलं पात्र तिसऱ्या वर्षी जिवंत दाखवायचं असेल तर पक्कं कारण द्या. धनुर्वाताचं भय गंजाचं नसतं, मातीतल्या बीजाणूंचं असतं. लक्षणं साधारण ३ ते २१ दिवसांत येतात, जबडा आधी आवळतो. मुलीला लहानपणी लस मिळाली होती का? आईच्या पिशवीत राहिलेलं लसीकरणाचं कार्ड हा प्रश्न सोडवतं, आणि आईला गोष्टीत आणतं, आठवणींचं एकही पान न लिहिता.

तुमच्या वर्णनांत उंच इमारती वेलींनी गिळलेल्या आहेत. तीन वर्षांत एवढं होत नाही. चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या अपघातानंतर २७ एप्रिल १९८६ रोजी प्रिप्यात शहर रिकामं झालं, सुमारे ४९,००० माणसं बसनं हलवली. त्याचे जंगलात बुडालेले जे फोटो आपण बघतो ते काही दशकांनंतरचे आहेत. तीन वर्षांत फुटपाथच्या फटींत गवत आणि रोपटी, तुंबलेल्या गटारांमुळे रस्त्यावर तळी, गळक्या छतांखाली फुगलेली कपाटं, आणि कुबट वास. डबाबंद अन्न अजून खाता येतं. फुगलेला किंवा गळका डबा मात्र उघडूही नये. आणि हो, चकमकीनं आग पेटवणं काढून टाका. घराघरांत काडेपेट्या आणि सिगारेटचे लायटर पडलेत.

टोळीचा हिशेब एकदा करून बघा. तीस माणसांना रोज ७५,००० कॅलरी, म्हणजे २१ किलोहून जास्त धान्य लागतं. लूटमारीवर तीन वर्षं एवढं मिळत नाही. इतकी टिकलेली टोळी शेती करते, निदान दुसऱ्यांकडून करून घेते. मग ती ३ किलो धान्यासाठी दोन पोरांमागे का धावेल? तिला दुसरं काहीतरी हवं: शेतावर राबायला हात, किंवा मुलीला येणारी एखादी गोष्ट. इथेच तुमच्या नायिकेची दुसरी अडचण दिसते. तिला सगळंच येतं, कारण वडील सैनिक होते. हे फार वापरून झालंय. तिला एकच गोष्ट नीट येऊ द्या. पंप दुरुस्त करणं, समजा. बाकी सगळं ती चुकत शिकेल. आणि पंप दुरुस्त करणारी मुलगी शेती करणाऱ्या टोळीला सोन्याहून महाग.

भाऊ हे तुमचं सर्वात चांगलं पात्र आहे आणि मसुद्यात तो फक्त दमतो. जग संपलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याला ते नीट आठवत नाही. बहिणीसाठी हे उद्ध्वस्त जग आहे, त्याच्यासाठी हेच जग. ती हळहळते तिथे त्याला मजा वाटेल. त्याला वाचता येतं का? कुणी शिकवलं, कशावरून? औषधांच्या वेष्टनांवरून? शिवाय तो वाढतोय. या वयात पाऊल इतकं भराभर वाढतं की वर्षभरात बूट लहान होतो. मोठ्या मापाचे बूट आधीच घ्यायचे तर ओझं वाढतं, नाही घेतले तर फोड, आणि फोड फुटून चिघळला की पुन्हा ४ किलोमीटर. बहिणीची पाळी कुठेच का नाही? कापड, ते धुवायला पाणी, वाळवायला ऊन, हा रोजच्या हिशेबातला भाग आहे. फार उपासमारीनं पाळी थांबते, आणि तीच खूण तिला आरशाआधी सांगेल की आपण किती खंगलोय.

प्रेमप्रकरणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते आहे. ठेवा. फक्त त्या मुलाला स्वतःची पाण्याची बाटली असू द्या, आणि तो आल्यावर तक्त्यात तिसरा रकाना वाढवा.

रेडिओ राहिला. एफएम चारशे किलोमीटर पोचत नाही. शॉर्टवेव्ह ठेवा. तिथे छोटा हौशी संचही तेवढं अंतर गाठू शकतो, आणि खालच्या पट्ट्यांवर लांबचं रात्री जास्त स्पष्ट ऐकू येतं. मुलांचा रेडिओ शॉर्टवेव्ह पट्टा असलेला हवा, कोरड्या सेलवरचा. चांगले अल्कलाइन सेल पाकिटात पाच वर्षंही राहतात. प्रसारण करणाऱ्यांची वीज सौर पटलांवरची असणार. मात्र छतावरची बरीचशी पटलं वीजपुरवठ्याच्या जाळ्याला जोडलेली असतात आणि जाळं बंद पडलं की मुद्दामच बंद होतात, तेव्हा त्यांच्याकडे बॅटरीवर चालणारी वेगळी जोडणी हवी. आणि लेड-ॲसिड बॅटरी तीन ते पाच वर्षांत थकते. बघा, रात्री बोलायला बॅटरी लागते आणि ती नेमकी आता मरतेय. घड्याळाची टिकटिक तुम्हाला फुकट मिळाली.

म्हणून पहिली तीन प्रकरणं काढा. महामारी कार्डावर, बुटांच्या मापांत, भावाला न आठवणाऱ्या गोष्टींत येऊन जाईल. सुरुवात भावाचा बूट फाटतो तिथून करा. त्याच रात्री त्यांना आवाज ऐकू येऊ द्या, आणि प्रसारण अकरा मिनिटं चाललं हे मुलीनं दाराच्या चौकटीवर खडूनं लिहावं. दुसऱ्या रात्री ती त्याखाली दहा लिहील, तिसऱ्या रात्री दहा खोडून नऊ. चौथ्या दिवशी उजाडायच्या आत त्यांना बाहेर काढा.